बेंच चाचणीतील रोबोट नियंत्रकाचा वीजपुरवठा

रोबोटचा नियंत्रक सांगाड्यावर बसवण्यापूर्वी, किंवा बिघाड शोधण्यासाठी सांगाड्यावरून उतरवून, टेबलावर मर्यादित विजेवर चालवून पाहणे याला बेंच टेस्टिंग म्हणतात. या कामासाठी वीज कोठून घ्यावी व ती किती मोकळी सोडावी, हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरण म्हणून येथे नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा रोबोरिओ हा नियंत्रक घेतला आहे. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय स्पर्धेत तो २०१५ च्या हंगामापासून वापरात आला. मुंबईतील संघही या स्पर्धेत उतरले आहेत.

रोबोरिओला ७ ते १६ व्होल्ट एकदिश विद्युतदाब चालतो आणि तो जास्तीत जास्त ४५ वॉट वीज घेतो. १२ व्होल्टवर हा हिशोब पावणेचार अँपिअरचा होतो. नुसताच सुरू असलेला नियंत्रक त्याहून पुष्कळच कमी घेतो. उलट स्पर्धेतील रोबोटवर असते ती सुमारे १८ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, जी शॉर्ट झाल्यास क्षणात शेकडो अँपिअर सोडते. रोबोटवरचा मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा असतो, पण तो मोटारींच्या प्रवाहाकडे पाहून निवडलेला असल्यामुळे नियंत्रकाची बारीक तार लाल होऊन जळाली तरी त्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून टेबलावरचा खरा धोका वीज कमी पडण्याचा नसून गरजेपेक्षा कितीतरी अधिक वीज हाताशी असण्याचा आहे.

रोबोटवर ही अडचण बॅटरीची वीज निरनिराळ्या भागांना वाटून देणाऱ्या वितरण पेटीने सोडवलेली असते, कारण त्या पेटीत नियंत्रकासाठी वेगळा १० अँपिअरचा फ्यूज असतो. टेबलावर बॅटरी वापरायचीच असेल, तर ही पेटी मध्ये ठेवावी, निदान मोटारगाडीत असतो तसला १० अँपिअरचा फ्यूज धन तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ लावावा. बॅटरीच्या टोकांना थेट क्लिपा चिमटून नियंत्रक सुरू करण्याची सवय घाईच्या दिवसांत सर्रास दिसते. ती मोडलेलीच बरी. टोके इन्सुलेशन टेपने झाकावीत, हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे आणि पाना बॅटरीच्या आसपास ठेवू नये. चार्ज होत असलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटू शकतो, त्यामुळे तिच्याशेजारी ठिणगी पाडणारे काम करू नये.

एकट्या नियंत्रकासाठी प्रवाहमर्यादेचे बटण असलेला प्रयोगशाळेतील पॉवर सप्लाय अधिक योग्य. त्याचे आउटपुट बंद ठेवून दाब १२ व्होल्टवर आणि मर्यादा दीड-दोन अँपिअरवर लावावी, मग आउटपुट सुरू करून तारांच्या मोकळ्या टोकांवर मल्टीमीटर धरून आकडा आणि त्यापुढचे चिन्ह दोन्ही पाहावे. आकडा बरोबर पण पुढे वजा असेल, तर तारा उलट आहेत. त्यानंतर आउटपुट पुन्हा बंद करून तारा नियंत्रकाला जोडाव्यात. रोबोरिओच्या जोडणीवर धन टोकाशी ‘व्ही’ आणि ऋण टोकाशी ‘सी’ असे कोरलेले असते. स्क्रू आवळताना तांब्याचा एखादा केसाएवढा धागा बाहेर राहून शेजारच्या टोकाला टेकतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. तारेच्या टोकाला फेरूल, म्हणजे धातूची बारीक नळी, दाबून बसवले की ही भानगड उरत नाही. साधारण एक चौरस मिलिमीटरची तार येथे पुरते. जोडताच सप्लाय मर्यादेवर जाऊन दाब कोसळला, तर मर्यादा न वाढवता शॉर्ट शोधावा.

यूएसबी केबल प्रोग्राम चढवण्यासाठी व माहिती पाहण्यासाठी असते. तिच्यावर रोबोरिओ चालत नाही. सेन्सर, सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटार) यांच्या जोडण्याही वीज बंद करूनच बदलाव्यात. पॉवरचा दिवा हिरवा असेल तर पुरवठा ठीक. लाल झाल्यास नियंत्रकातून बाहेर जाणाऱ्या पुरवठ्यांपैकी एखादा शॉर्ट झालेला असू शकतो. ड्रिल मारताना उडालेला ॲल्युमिनियमचा कीस पिनांमध्ये अडकूनही असा शॉर्ट होतो, तेव्हा नियंत्रक उघडा ठेवून शेजारी छिद्रे पाडू नयेत. पिवळा दिवा दाब घसरल्याचे सांगतो. मूळ रोबोरिओत दाब ६.८ व्होल्टखाली गेला की सर्वोंचा ६ व्होल्टचा पुरवठा ढळू लागतो, ६.३ ला मोटारींचे संकेत थांबतात आणि ४.५ च्या सुमारास नियंत्रकच बंद पडतो.

मोटारी जोडताच हे गणित बदलते. स्पर्धेत वर्षानुवर्षे वापरलेली ‘सिम’ नावाची मोटार १२ व्होल्टवर अडवून धरली तर सुमारे १३१ अँपिअर ओढते. पाच अँपिअरचा सप्लाय त्यापुढे लगेच झुकतो आणि नियंत्रक पुन्हापुन्हा बंद-सुरू होत राहतो, मग चाचणी करणारा प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतो. उलट दिशेचा त्रास कमी ठाऊक असतो. फिरणारी मोटार मंदावताना जनित्रासारखी वीज परत ढकलते. बंद रोबोट हाताने ढकलला तरी त्यावरचे दिवे लुकलुकतात, ते याचमुळे. बॅटरी ही वीज पोटात घेते, बहुतेक पॉवर सप्लाय घेत नाहीत, आणि दाब १६ व्होल्टची मर्यादा ओलांडू शकतो. मोटारी चालवायच्या असतील तेव्हा बॅटरी, वितरण पेटी व ब्रेकर ही मूळ व्यवस्थाच वापरावी, चाके ठोकळ्यांवर अधांतरी ठेवावीत आणि संगणकाशी एक माणूस बसवावा. ड्रायव्हर स्टेशन या रोबोट चालवण्याच्या संगणकावरील प्रोग्राममध्ये एंटर दाबल्यास रोबोट निष्क्रिय होतो. स्पेसबार दाबल्यास आणीबाणीचा थांबा लागतो, जो नियंत्रक पुन्हा सुरू केल्याशिवाय सुटत नाही.