टॉवर नसलेला विमानतळ आणि अल्ट्रालाइट: अमेरिकेत परवानगी कधी लागते, कोणाची?

अमेरिकेत अल्ट्रालाइट, म्हणजे एकाच माणसाचं अगदी हलकं विमान, उडवायला पायलटचं लायसन्स लागत नाही, मेडिकल नाही, विमानाची नोंदणीही नाही. त्यामुळे टॉवर (विमानांना सूचना देणारा नियंत्रण मनोरा) नसलेल्या छोट्या विमानतळाजवळ कोणालाच विचारावं लागत नाही, असा अनेकांचा समज असतो. बऱ्याच ठिकाणी तो खराही आहे, पण सगळीकडे नाही.

आधी पात्रता. १९८२ पासून लागू असलेल्या एफएए या अमेरिकी हवाई नियामक संस्थेच्या ‘पार्ट १०३’ या नियमानुसार अल्ट्रालाइट एकाच माणसाचं आणि फक्त हौसेसाठी किंवा खेळासाठी हवं. इंजिन असेल तर रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी. यात फ्लोट (पाण्यावर उतरण्यासाठीचे तरंगते भाग) आणि आणीबाणीचं पॅराशूट धरत नाहीत. इंधन ५ गॅलनपर्यंत, सरळ उड्डाणातला कमाल वेग ५५ नॉट (ताशी सागरी मैल), इंजिन बंद असतानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो, २४ नॉटपर्यंत. यातली एक अट जरी मोडली, तरी सवलत संपली. कागदपत्रांची सक्ती नसली तरी एफएएच्या अधिकाऱ्याने विचारलं तर पुरावा तुम्हालाच द्यायचा असतो. म्हणून वजनाची नोंद आणि टाकीच्या क्षमतेचा कागद जवळ ठेवाच.

आता मुख्य मुद्दा. हवाई हद्द ‘क्लास’ नावाच्या वर्गांत विभागलेली असते. क्लास ए, बी, सी, डी आणि विमानतळासाठी जमिनीपासून आखलेला क्लास ई, या हद्दींत एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी आधी घ्यावी लागते. सेक्शनल चार्ट (वैमानिकांसाठीचा हवाई नकाशा) उघडून बघा. तुटक निळी रेषा म्हणजे क्लास डी, तुटक किरमिजी रेषा म्हणजे जमिनीपासूनचा क्लास ई. गल्लत इथेच होते: टॉवर नसतो, पण ही किरमिजी रेषा असते. कडेला विरत जाणारा रुंद किरमिजी पट्टा वेगळा. तिथे क्लास ई जमिनीपासून ७०० फुटांवर सुरू होतो आणि परवानगी लागत नाही. मात्र त्या उंचीवरच्या क्लास ईत शिरलात की दृश्यमानता खालच्या अनियंत्रित क्लास जीसारखी १ नव्हे, ३ मैल हवी आणि ढगांपासून ठरलेलं अंतरही राखावं लागतं.

परवानगी देणार कोण? टॉवर नसेल तिथे ज्यांच्याकडे ती हद्द आहे ते अप्रोच कंट्रोल किंवा सेंटर, म्हणजे दुरून मोठ्या भागातली विमान वाहतूक सांभाळणारी नियंत्रण केंद्रं. त्यांचं नाव चार्ट सप्लिमेंटमध्ये (एफएएच्या विमानतळ माहितीपुस्तिकेत) त्या विमानतळाच्या नोंदीत सापडतं. विमानतळाच्या मॅनेजरने ‘या, उडा’ म्हटलं तरी तो होकार धावपट्टी वापरण्यापुरता. हवाई हद्दीची परवानगी त्यात येत नाही. फोन आदल्या दिवशीच करा. जागा, वेळ, उंची आणि रेडिओ आहे की नाही, एवढं नीट सांगा. पार्ट १०३च्या नियमातूनच सूट हवी असेल तर ती लेखी लागते. त्यासाठी एफएएचा ७७११-२ क्रमांकाचा अर्ज आहे.

काही टॉवर दिवसातले ठरावीक तासच चालतात. बंद झाल्यावर ती हद्द क्लास ई होते की जी, हेही चार्ट सप्लिमेंटमध्येच असतं. ई झाली तर परवानगी तेव्हाही लागते. निघण्यापूर्वी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) बघा, कारण तात्पुरती बंदी छापील चार्टवर दिसत नाही.