जैविक उपचार (ऑटोइम्यून आजारांतील)

सजीव पेशींकडून तयार करवून घेतलेली प्रथिने औषध म्हणून देऊन, स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती आवरण्याची पद्धत. आमवात, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणका आखडवणारा सांधेविकार), सोरायसिस, क्रोन्स (आतड्यांचा दाह) अशा आजारांत, मेथोट्रेक्सेटसारख्या नेहमीच्या औषधांनी भागत नसेल तेव्हा बहुधा हा मार्ग धरतात.

आमवातात सांध्याच्या अस्तरात जमलेल्या पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी निरोप्या प्रथिने सोडतात. त्या निरोपावर आणखी पेशी गोळा होतात, सूज हटत नाही, कूर्चा आणि हाड झिजत जाते. स्टेरॉइड हा सगळाच व्यवहार दाबते. जैविक औषध नेमका एक निरोप्या गाठते : अडॅलिम्युमॅब टीएनएफला धरते, सेक्युकिनुमॅब इंटरल्यूकिन-१७ ला, तर टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ ची पेशीवरची जागाच अडवते. रिटुक्सिमॅबची तऱ्हा वेगळी. ते बी-पेशी (प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी करते. आजार मुळासकट यातल्या कशानेच जात नाही. हे रेणू पोटात पचून जातात, म्हणून सुई किंवा सलाइनच.

टीएनएफचे एक कामही आहे. शरीरात दबून असलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचा वेढा तो टिकवतो. त्याला रोखले की वेढा सैल पडून टीबी उफाळू शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, मॉन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही टीबीची चाचणी, शिवाय हिपॅटायटिस-बीची तपासणी. सुप्त टीबी निघाला तर त्याच्या गोळ्या साधारण महिनाभर आधी सुरू करतात. मराठवाड्यात ही पायरी निव्वळ कागदोपत्री उरकण्याची नव्हे. ‘घरात कुणाला टीबी झाला होता का?’ या प्रश्नाला, विशेषतः लग्नाची मुलगी घरात असेल तर, खरे उत्तर पहिल्या भेटीत मिळेलच असे नाही.

अडॅलिम्युमॅबची भारतीय बनावटीची बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती) आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि किंमत उतरली, तरी कोरडवाहू शेतकऱ्याला ती जडच. सोयाबीनची पट्टी हाती येईपर्यंत डोस पुढे ढकलला जातो. अशा खंडाने आजार उसळतो आणि औषधाविरुद्धच प्रतिपिंडे (ते निकामी करणारी शरीराची प्रथिने) बनण्याचा धोका वाढतो.

इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार असताना एसटीतून ते आइसबॉक्समध्ये न्यावे लागते. त्यात बर्फ थेट सिरिंजला टेकू द्यायचा नाही, मध्ये कापड हवे. गोठलेले औषध वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी टाकूनच द्यायचे.