न्याय, दया आणि ऐक्य (ख्रिस्ती मंडळीतील आचरण)

न्याय, दया आणि ऐक्य ही ख्रिस्ती जीवनातील तीन कर्तव्ये. एक सुटले की उरलेली दोन टिकत नाहीत. न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवाबरोबर नम्रपणे चालणे, एवढेच देव मागतो असे मीखा संदेष्ट्याने सांगितले (6:8). पुदिना, शेप व जिऱ्याचा दशांश काटेकोर देऊन न्याय, दया व विश्वास सोडून देणाऱ्या शास्त्र्यांना येशूने खडसावले (मत्तय 23:23) आणि शत्रूंच्या हाती पडण्याआधी शिष्यांच्या एकीसाठी प्रार्थना केली (योहान 17:21). पुढील नोंद मुख्यतः पुणे शहर व जिल्ह्यातील मराठी मंडळ्यांच्या (चर्चच्या स्थानिक समुदायांच्या) संदर्भात आहे.

न्यायाची सुरुवात देवळाच्या (चर्चच्या) आवारातच होते. रखवालदार, झाडलोट करणारी बाई, माळी यांचा पगार हा मंडळीच्या विश्वासाचा भाग आहे, कारण मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असा नियमशास्त्राचा दंडक आहे (बायबलमधील ‘अनुवाद’ हे पुस्तक, 24:14-15). पगाराची तारीख ठरलेली असावी, रक्कम किमान वेतनाखाली नसावी आणि रविवारी व नाताळात काम पडतेच, म्हणून बदली सुटी आधीच लिहून द्यावी. ‘ही प्रभूची सेवा आहे’ असे म्हणून पगार कमी ठेवणे हा सर्रास होणारा अन्याय आहे. सेवा स्वतःहून करायची असते, ती दुसऱ्याच्या पोटाला चिमटा काढून करवून घेता येत नाही.

अर्पणाची पिशवी उपासना संपताच, देवळातच उघडावी. वेगवेगळ्या घरांतील दोघांनी पैसे मोजावेत, नोटा-नाणी वेगळी लिहावीत, दोघांनीही सही करावी आणि दुसऱ्या दिवशी रक्कम बँकेत भरावी. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मंडळीला 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार हिशोब तपासून घ्यावेच लागतात. पण वर्षाअखेरीस लेखापरीक्षकाला दिसते ते दर रविवारी मंडळीलाही दिसले पाहिजे. खजिनदार ‘घरी जाऊन मोजतो’ म्हणाला की तो कितीही प्रामाणिक असो, कुजबुज सुरू होते. मंडळीतल्या फुटीमागे मतभेदांपेक्षा न दाखवलेले हिशोब जास्त वेळा असतात.

दयेचे काम भेटीने होते. पॅरिसमध्ये 1833 साली सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेने दोघांनी मिळून गरजूच्या घरी जाण्याची शिस्त घालून दिली. कॅथलिक धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) ती आजही पाळतात, इतरांनीही ती घ्यावी. एकटा माणूस गेला तर शिफारस नातेवाइकांकडे झुकते आणि एकट्या बाईच्या घरी जाणे दोघांनाही अवघड होते. पहिल्या भेटीत काही द्यायचे नाही, फक्त ऐकायचे: भाडे किती थकले, औषध कोणते, रेशनकार्ड चालू आहे का. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण 15 किलो गव्हाचे पीठ, 8 किलो तांदूळ, 3 किलो डाळ आणि 3 लिटर तेल लागते. अर्धी पिशवी दिली तर उरलेल्या पंधरवड्यासाठी उधारी होतेच. फी शाळेत आणि औषधाचे पैसे दुकानात परस्पर भरावेत. देताना फोटो काढू नये, व्यासपीठावरून नाव घेऊ नये. उपासनेला आले तरच धान्य, अशी अट घातली की ती दया राहत नाही.

दया आणि न्याय एकत्र कसे चालतात हे पंडिता रमाबाईंच्या (मृत्यू 1922) कामात दिसते. त्यांचे शारदासदन (विधवांसाठीची शाळा व वसतिगृह) 1889 मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून विधवा व अनाथ मुली आणून दौंड तालुक्यातील केडगावला आसरा दिला. तेथे अन्नाबरोबर हाताला कामही मिळाले. मूळ हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई तिथल्या स्त्रियांनीच केली. 1897 मध्ये प्लेगच्या उपाययोजनेत पुण्यात स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रातून सरकारला उघड जाब विचारला. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे असले तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

ऐक्याची परीक्षा पंगतीत होते. पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये 1890 साली चहा घेतल्याच्या आरोपावरून टिळक, रानडे आदींवर ग्रामण्य (जातीकडून बहिष्काराची कारवाई) झाले, त्याच पुण्यात सर्वांनी एका पंगतीत बसणे ही मोठी साक्ष होती. तरी लग्न जुळवताना मूळची जात अजून विचारली जाते, आणि ही गोष्ट उपदेशात सहसा येत नाही. ती यायला हवी. भांडण झाले तर क्रम ठरलेला आहे: आधी एकांतात दोघांनी बोलायचे, मग एक-दोन साक्षीदार घेऊन जायचे, शेवटी मंडळीपुढे मांडायचे (मत्तय 18:15-17). बहुतेक वेळा पहिली पायरी गाळून थेट पंचांकडे अर्ज जातो आणि गोष्ट कोर्टापर्यंत पोचते.

पंथांमधील ऐक्याचा मोठा टप्पा म्हणजे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांच्या विलीनीकरणातून झालेली उत्तर भारतीय चर्चची स्थापना. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात 1970 च्या दशकात अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी एकत्र राहून दाखवले. दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ऐक्याच्या प्रार्थनेचा सप्ताह असतो. संयुक्त उपासनेत प्रभुभोजन (येशूच्या आठवणीने भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) ठेवत नाहीत, कारण कॅथलिक नियमाप्रमाणे ते इतरांबरोबर सहसा घेता येत नाही. वचनवाचन, उपदेश व प्रार्थना एवढेच ठेवावे आणि उपदेश पाहुण्या पाळकाला किंवा फादरांना द्यावा. प्रभूच्या प्रार्थनेचा मजकूर छापून वाटावा. नाहीतर कॅथलिक भाविक ‘वाइटापासून सोडव’ येथे थांबतात, प्रॉटेस्टंट ‘कारण राज्य’ म्हणत पुढे जातात आणि अर्धे देऊळ मध्येच गप्प होते.

हंगामाच्या उपासनेत (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या) न्याय, दया व ऐक्य या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी तपासल्या जातात. लोक धान्य, भोपळे, अंडी, कोंबडी, भाजी आणतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो. एका नारळावर दोन सधन घरांची चढाओढ लागली की मेथीची जुडी आणणारी म्हातारी मागच्या बाकावर सरकते. म्हणून छोट्या वस्तू आधी पुकाराव्यात, आणणाऱ्याचे नाव घेऊ नये आणि रक्कम कशासाठी जाणार ते बोली लागण्यापूर्वीच सांगावे. उरलेली भाजी त्याच संध्याकाळी गरजूंच्या भेटींची नोंद असलेल्या वहीतल्या घरी पोचवावी; मेथी रात्रीतून पिवळी पडते.