टॅपेटचा आवाज

टॅपेटचा आवाज : (मोटार-दुरुस्ती). जुन्या इंजिनात कॅम (फिरत्या शाफ्टवरचा उंचवटा), त्यावर स्वार टॅपेट, पुशरॉड (ढकलदांडी), रॉकर (हेलकावणारी तरफ) आणि व्हॉल्व्ह (झडप) यांच्यातली फट वाढल्याने येणारी टिकटिक. सोलापुरातल्या गॅरेजांत ‘टॅपेट वाजतंय’ एवढेच म्हणतात. मग झीज रॉकरची असो वा कॅमची.

हलके ठोकणे या अर्थाच्या इंग्रजी ‘टॅप’वरून हा शब्द आला असावा, अठराव्या शतकापासून तो यंत्रविद्येत दिसतो. सोलापूरकरांच्या कानी तो मोटारीआधी यंत्रमागावरून पडला असणे अधिक संभवते, कारण इथली जुनी गिरणी १८७७ च्या सुमारासची आणि मोटार नंतरची. अर्थ मात्र उलटा झाला आहे. मागावर टॅपेट म्हणजे खुद्द कॅम, ट्रेडल (तरफ) दाबून ताण्याचे धागे वर-खाली करणारा. इंजिनात टॅपेट म्हणजे कॅमवर स्वार होणारा भाग. (चादरीच्या नक्षीला जॅकार्ड हे वेगळे यंत्र लागते; टॅपेट साध्या विणीचे.) साध्या विणीत टॅपेटचा शाफ्ट क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या कॅमशाफ्टचेही तेच गणित.

आवाजाचे निदान या निम्म्या वेगावरच उभे आहे. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) एका व्हॉल्व्हचे ४०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास. बिगएंड बेअरिंगची (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगची) ठोक क्रँकच्या फेरीगणिक, जाड आणि खालून येते. एग्झॉस्ट मॅनिफोल्डचे (जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) पॅकिंग फुटले तरी हुबेहूब टिकटिक होते. पण इंजिन तापून धातू फुगला की ही पॅकिंगची टिकटिक बहुधा मंदावते. चढावर, भार पडल्यावरच येणारी कडकड टॅपेटची नव्हे, अवेळी पेटणाऱ्या पेट्रोलची.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवून जागा हेरतात. मग कव्हर काढून, चालू इंजिनात रॉकर व व्हॉल्व्हच्या देठामध्ये फिलर गेजची (फट मापायच्या साधनाची) पातळ पट्टी सरकवतात. ज्या ठिकाणी आवाज दबतो तो व्हॉल्व्ह सैल. ऑइलचे शिंतोडे सदऱ्यावर येतात, ते सोसावे लागतात.

अँबॅसडरच्या १४८९ घनसेंमी पुशरॉड इंजिनाच्या कुळात फट सहसा ०·०१५ इंच (सुमारे ०·३८ मिमी) ठेवतात. आठ व्हॉल्व्हना नऊची बेरीज लावतात : आठवा पूर्ण दबला की पहिला सेट करायचा, सातवा दबला की दुसरा. माप थंड इंजिनावर घ्यायचे की गरम, हे त्या गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे. तरीही आवाज राहिला तर रॉकरचे तोंड पाहावे. देठाच्या घर्षणाने तिथे खळगा पडतो, सपाट पट्टी त्याच्या काठांवर टेकते आणि खरी फट मापापेक्षा जास्त राहते. यावर फट आणखी कमी करणारे मिस्त्री आहेत. तोंड घासून सपाट करणे किंवा रॉकर बदलणे अधिक ग्राह्य. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला (तो बसतो त्या कड्याला) टेकून सोडतो. फट उरली नाही तर तो पुरता बसत नाही आणि जळतो. गॅस किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, तेव्हा टॅपेट आपोआप गप्प होते. मालक खूश असतो, पुढे सकाळी गाडी मिसिंग करू लागते (एखादा सिलिंडर पेटत नाही).

हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या दाबाने फट स्वतःच भरून काढतात, त्यांना ती बसवावी लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीत ती ऑइल भरेपर्यंत काही सेकंद वाजतात. पारा चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्यात, जुने पातळ ऑइल असेल तर, गरम इंजिनातही वाजू शकतात.