वळूचं दूध: शून्य की कोरी जागा?

इगतपुरी-पेठ पट्ट्यातल्या डांगी गाईंचा पैदास कार्यक्रम संगणकावर उभा करायला घेतला की एक प्रश्न लगेच समोर येतो: वळूच्या ओळीत दुधाच्या रकान्यात काय लिहायचं? पुष्कळ जण 0 टाकून मोकळे होतात. वळू दूध देत नाही, मग शून्यच की! पण शून्य ही मोजून केलेली नोंद झाली. कोरी जागा म्हणजे मोजलंच नाही.

आर या संगणकीय भाषेतलं अल्फासिमआर घ्या; संगणकावर काल्पनिक कळप घडवून पैदास आजमावणारं, एडिंबराच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमधलं हे पॅकेज. त्यात प्रत्येक जनावराचं खरं जनुकीय मूल्य एकीकडे असतं आणि मोजलेला गुण दुसरीकडे. दुधाचं जनुकीय मूल्य वळूलाही असतंच, तेच पुढे त्याच्या कालवडींत उतरतं. कोरी ठेवायची ती मोजणीची जागा. आरमध्ये तिथे ‘एनए’, म्हणजे ‘नोंद नाही’, असतं.

समजा, एका वेताची सरासरी 500 लिटर धरली. वळूपुढे 0 लिहिलंत तर नोंदी आणि नाती पाहून जनुकीय मूल्याचा अंदाज काढणाऱ्या मॉडेलला तो 500 लिटरने कमी दिसतो आणि नात्याच्या धाग्याने त्याची आई, बहिणी, मुली सगळ्याच खाली ओढल्या जातात. मॉडेलमध्ये लिंगाचा परिणाम घेतला तर हा खड्डा बुजतो खरा, पण मग सगळे वळू अगदी एकसारखे, सरासरीचे असल्याची खोटी माहिती आत शिरते. सर्वांत फसवं म्हणजे या पॅकेजमध्ये गुणाची सरासरी तुम्ही वेगळी दिली नाहीत तर ती 0 च असते! तिथे शून्य म्हणजे ‘दूध नाही’ नव्हे, ‘सरासरीइतकं दूध’. आकडे ठीकठाक दिसतात, कुणाला शंकाही येत नाही.

उलट बाजूची चूकही होते. ‘सेटफेनो’ हे फंक्शन दिलेल्या सगळ्या कळपाला मोजमाप देतं, वळूंनाही. मग निवड प्रत्यक्षापेक्षा अचूक भासते. त्यातला ‘ट्रेट्स’ हा पर्याय गुण निवडतो, जनावरं नाही. ती आपणच वेगळी काढायची. आधी माद्यांचा गट पाडा, मोजमाप फक्त त्यांना द्या.

कोरी जागाही नेहमी निरुपद्रवी नसते. पहिल्या वेताला कमी दूध दिलं म्हणून गाय विकली, तर दुसऱ्या वेताची जागा योगायोगाने कोरी राहिलेली नाही. अशा वेळी विकलेल्या गाईंसकट सगळ्यांची पहिल्या वेताची नोंद मॉडेलमध्ये हवीच, नाहीतर उरलेल्या गाईंवरून कळप आहे त्याहून चांगला वाटतो.

आणि नव्याने व्यायलेल्या कालवडींची नोंद भरताना सबंध कळपावर ‘सेटफेनो’ पुन्हा चालवू नका. दर वेळी ते पर्यावरणाचा परिणाम नव्याने काढतं, त्यामुळे जुन्या गाईंचे आधीचे आकडेही बदलून जातात.