'फोटो ५१' हा डीएनएचा फोटो नव्हे

परवा शिरोड्याजवळच्या एका विज्ञान प्रदर्शनात पुन्हा तीच पाटी दिसली: 'डीएनएचा पहिला फोटो'. खाली 'फोटो ५१': १९५२ साली रोझालिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग या शास्त्रज्ञांनी क्ष-किरण वापरून फिल्मवर घेतलेली ती प्रसिद्ध फुली. वर्षानुवर्षं हेच सांगितलं जातंय, आणि ते चूक आहे.

दवाखान्यातल्या एक्स-रेत हाडाची सावली पडते. इथे सावली नाहीच. डीएनएच्या धाग्यांतून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि फिल्मवर त्यांची नक्षी उमटते. जेटीच्या खांबांवर आपटून परतणाऱ्या लाटा बघा. त्यांच्या नक्षीवरून खांबांमधलं अंतर काढता येईल, पण नक्षी म्हणजे खांब नव्हेत. फुलीवरून कळतं की रेणू मळसूत्री आहे. फुलीतल्या आडव्या पट्ट्यांवरून एका वेढ्याची उंची ३४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) निघते. बाकी आकार गणितानेच उभा करावा लागतो, कारण फिल्मवर लाटेचा जोर उतरतो, तिची कला, म्हणजे लाट चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, हरवते. ती परत मिळवणं हेच या क्षेत्रातलं खरं कष्टाचं काम.

आपल्या मिठागरातल्या मिठाची रचनाही भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅगने १९१३ मध्ये अशा नक्षीवरूनच काढली. रेणूची थेट प्रतिमा देतो तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. गोठवलेल्या प्रथिनाची ती प्रतिमाही इतकी पुसट असते, की लाखभर कणांची सरासरी घ्यावी लागते.