चार गिअर मागे, एक पुढे

समोरची काच दोन तुकड्यांत असलेली फोक्सवॅगनची जुनी व्हॅन म्हणजे त्याच कंपनीच्या बीटल मोटारीची धाकटी, पण अंगाने मोठी बहीणच. 1950 साली ती वोल्फ्सबर्गच्या कारखान्यात बनू लागली, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स बीटलवरूनच घेतले होते. त्यामुळे व्हॅनचा गिअरबॉक्स निकामी झाला की हौशी मंडळी बीटलचा शोधू लागतात. तो सहज मिळतो आणि इंजिनालाही जुळतो. मग कुणीतरी पहिला टाकून क्लच सोडतो आणि व्हॅन सरळ मागच्या भिंतीकडे निघते. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे मागेच. रिव्हर्स टाकला की मात्र पुढे!

खोट गिअरबॉक्समध्ये नसते. भानगड चाकांपाशी आहे.

या व्हॅनच्या मागच्या प्रत्येक चाकाजवळ गिअरची एक जोडी डबीत बंद केलेली असते. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धातल्या क्युबेलवागन या फोक्सवॅगनच्या लष्करी गाडीची. पायी निघालेल्या सैनिकांबरोबर ताशी 4 किलोमीटरने चालेल अशी गाडी लष्कराला हवी होती. या जोडीमुळे चाकाचा वेग घटतो, जोर वाढतो आणि एक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहिल्यामुळे पोट जमिनीला घासत नाही. टनभर माल ओढणाऱ्या व्हॅनला हे आयतंच मिळालं.

पण दात अडकलेले दोन गिअर नेहमी उलटसुलट फिरतात. रसवंतीच्या चरकाच्या बाजूची दातेरी चाकं आठवा. डबीतली जोडी दिशा उलटवते, म्हणून व्हॅनच्या गिअरबॉक्समध्ये क्राऊन व्हील (एक्सलला फिरवणारं मोठं दातेरी चाक) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) दुसऱ्या बाजूला बसवून ती आधीच उलटवून ठेवलेली असते. बीटलला डब्याच नाहीत, त्यामुळे तिचं क्राऊन अलीकडे.

उपाय आहे. बाजूची झाकणं काढून डिफरन्शियल (क्राऊन ज्यावर बसतं तो, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) फिरवून बसवायचं. ऐकायला सोपं, पण क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली फट 0.15 ते 0.25 मिलिमीटरमध्ये यायला हवी. पातळ चकत्या घालून, काढून, पुन्हा मोजून ती साधावी लागते. इथे घाई केली तर गिअरबॉक्स आधी रडायला लागतो आणि मग दात खातो.

दुसरा मार्ग म्हणजे डब्याच काढून टाकायच्या. दिशा सरळ होते, व्हॅन मागून खाली बसते (काहींना तेच आवडतं), पण जोर जातो. पहिल्या गिअरचं प्रमाण (आकडा जितका मोठा तितका जोर जास्त) व्हॅन आणि बीटल दोन्हींत 3.80च. नंतरच्या व्हॅनमध्ये क्राऊन-पिनियनचं 4.125 आणि डबीचं 1.26, गुणाकार 5.2. लहान इंजिनाच्या बीटलमध्ये नुसतं 4.375. म्हणजे चाकाला मिळणारा जोर सुमारे 16 टक्क्यांनी कमी. सपाटीवर गाडी मजेत पळेल. भरलेली व्हॅन चढावर थांबवून पुन्हा उचलताना क्लचचा वास येईल. माझं मत विचाराल तर माल किंवा माणसं न्यायची असतील त्याने डब्यांना हात लावू नये.

1967च्या ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या व्हॅनमधून या डब्या गेल्या. उलट्या दिशेचं भूत मात्र गेलं नाही. 1979 नंतरच्या चौकोनी व्हॅनमध्ये आता काही जण सुबारू या जपानी कंपनीच्या मोटारीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवतात. सुबारूचं इंजिन पुढे असतं आणि व्हॅनचं मागे, म्हणजे सगळा संच अर्धा फेरा फिरवूनच बसतो. इथे क्राऊन नुसतं पलीकडे नेऊन भागत नाही. बीटलमध्ये पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर असतो, सुबारूमध्ये तो रेषेपासून सरकलेला असतो आणि दातांचं वळण त्या सरकण्याला धरूनच कापलेलं असतं. म्हणून उलट्या वळणाची क्राऊन-पिनियनची जोडी मुद्दाम कापून घ्यावी लागते. नाहीतर पाच गिअर मागे आणि एक पुढे.